४९९ टनांच्या आत ५० मीटरची सुपरयॉट : आराखड्यात काय ठेवावे आणि काय सोडावे?

रेषाकार_व्हियारेज्जो यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात अंतर्गत सजावटीचे शिक्षण घेतले आणि गेली चार वर्षे इटलीतील व्हियारेज्जो येथे एका लहान स्टुडिओत काम करते आहे. आजवर केबिनचे फर्निचर, प्रकाशयोजना आणि कापडाची निवड एवढेच काम माझ्याकडे येत असे. आता प्रथमच ५० मीटर लांबीच्या एका मोटर यॉटच्या संपूर्ण मांडणीचा प्राथमिक आराखडा माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. पोलादी सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे मजले, रुंदी ९ मीटर आणि ग्रॉस टनेज कोणत्याही परिस्थितीत ५०० च्या आत, एवढ्या अटी ठरलेल्या आहेत.

मालकाचे कुटुंब तीन पिढ्यांचे आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे ते स्वतः यॉटवर राहतील. उरलेला काळ ती भूमध्य समुद्रात आणि हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये चार्टरवर, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने, जाईल. त्यांच्या अपेक्षांची यादी मोठी आहे : मुख्य डेकवर पुढच्या बाजूला मालकाची पूर्ण रुंदीची केबिन आणि तिला बाहेर उघडणारी बाल्कनी, पाहुण्यांच्या पाच केबिन, वेगळे चित्रपटगृह, व्यायामशाळा, हमाम (तुर्की पद्धतीचे बाष्पस्नानगृह), सर्वांत वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव, पाण्यालगत बसण्यासाठी बीच क्लब, आठ मीटरची टेंडर (किनाऱ्यावर ने-आण करणारी छोटी बोट) आणि दोन जेट स्की, बंदिस्त भोजनकक्ष, आणि आजींना गुडघ्याचा त्रास असल्यामुळे लिफ्ट. डेकवर ब्रह्मदेशी सागवानच हवे, असाही आग्रह आहे.

मी यातले काहीही न वगळता पहिला आराखडा काढला, तेव्हा आमच्या नौकास्थापत्य सल्लागारांनी तो ५५५ टनांपर्यंत जात असल्याचे सांगितले. त्याशिवाय दहा कर्मचाऱ्यांची जागा मला स्वतःलाच फार कोंदट वाटते आहे. कात्री नेमकी कुठून लावायला सुरुवात करावी? केबिन लहान कराव्यात, की एखादी सोय पूर्णपणे काढून टाकावी? ज्यांनी अशा यॉट बांधल्या आहेत किंवा त्यांवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जहाजरेषा यांचे उत्तर

नमस्कार ताई. मी नेदरलँड्समध्ये नौकास्थापत्याचे काम करतो. आपल्या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज असण्याची शक्यता आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ग्रॉस टनेज हे वजन नसून बंदिस्त घनफळाचे माप आहे. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारातील सूत्रानुसार ४९९ टन म्हणजे साधारण १,८८० घनमीटर. या घनफळात छतामागे दडलेले वातानुकूलनाचे नळ, भिंतींच्या आतील पोकळी आणि तळातील टाक्यासुद्धा धरल्या जातात. त्यामुळे आतले छत खाली आणल्याने टनेजमध्ये काहीही फरक पडत नाही. डेकपासून डेकपर्यंत जे अंतर आहे, तेच मोजले जाते.

एकदा सांगाड्याचा आकार ठरला की मुख्य डेकच्या खालचे घनफळही ठरून जाते, ही गोष्ट माझ्या अनुभवात बहुतेक सजावटकारांच्या लक्षात उशिरा येते. खालच्या डेकवरचा हमाम काढून तिथे कोठार केले, तरी टनेज तेवढेच राहते. पाहुण्यांच्या केबिन लहान करूनही तेच. म्हणजे आपल्याला जे काही कमी करायचे आहे, ते फक्त वरच्या मजल्यांमधूनच कमी होऊ शकते. आपण पाठवलेल्या यादीतील चित्रपटगृह वरच्या डेकवर असेल आणि ते ३० चौरस मीटरचे असेल असे मी गृहीत धरतो. डेकपासून डेकपर्यंतची उंची २.७ मीटर धरली, तर ते ८१ घनमीटरचे, म्हणजे जवळजवळ साडेएकवीस टनांचे होते. एका आठवड्याच्या सफरीत ते दोन संध्याकाळी वापरले जाईल. तीच सोय स्काय लाउंजमध्ये, म्हणजे वरच्या डेकवरच्या बैठकीच्या दालनात, छतातून उतरणारा पडदा आणि जाड पडद्यांनी मिळते, म्हणून ती वेगळी खोली मी सर्वप्रथम काढीन.

बंदिस्त भोजनकक्षाबद्दलही माझे मत ठाम आहे. भूमध्य समुद्रात जून ते सप्टेंबर या काळात चार्टरवरचे पाहुणे आत बसून जेवत नाहीत. मुख्य डेकची मागची भिंत साडेतीन मीटर पुढे सरकवा. भोजनकक्षाचे २४ चौरस मीटर वाचतील, सतरा टन कमी होतील आणि मागचा डेक तेवढाच प्रशस्त होईल. वर डेकचे छप्पर असले तरी मागची बाजू पूर्ण उघडी असेल, तर ती जागा टनेजमध्ये धरली जात नाही. मात्र वारा अडवण्यासाठी पुढे कोणी तिथे सरकत्या काचा बसवण्याची सूचना केली, तर आधी वर्गीकरण संस्थेला, म्हणजे जहाजाची बांधणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेला, विचारा. बंदिस्त झालेली जागा पुन्हा मोजात येते आणि बांधणी संपत आल्यावर हे लक्षात येणे फार महागात पडते. व्यायामशाळा सर्वांत वरच्या डेकवर छपराखाली, बाजूंनी उघडी ठेवावी.

मालकांना ५०० ची मर्यादा का पाळायची हे पटवून द्यावे लागेल. चार्टरवर चालणारी यॉट ५०० टनांच्या वर गेली, की सुरक्षा-व्यवस्थापनाची आणि बंदर-सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता पूर्णपणे लागू होते आणि अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रेही वरच्या पातळीची लागतात. हा खर्च दरवर्षीचा असतो. दुसरी मर्यादा बारा पाहुण्यांची आहे. चार्टरवर त्याहून जास्त प्रवासी नेल्यास यॉटला प्रवासी जहाजांचे नियम लागतात. त्यामुळे मालकाची एक आणि पाहुण्यांच्या पाच, अशा सहा केबिन ही संख्या अगदी योग्य आहे.

तलावाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे बहुतेक मालक मोठ्या यॉट पाहून येतात. २०१६ मध्ये जर्मनीच्या ल्युर्सेन गोदीतून बाहेर पडलेल्या ‘दिलबार’वर १८० घनमीटर पाण्याचा तलाव आहे, पण ती १५६ मीटर लांबीची आणि १५,९१७ टनांची यॉट आहे. आपल्या यॉटवर चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तलाव केला, तर समुद्राचे बारा टनांहून अधिक पाणी जलरेषेपासून सात-आठ मीटर उंचीवर हेलकावत राहील. यॉटची स्थिरता त्यामुळे घटते आणि प्रवासाला निघण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी रिकामा करावा लागतो. वर दोन घनमीटरचा जकुझी ठेवावा. खरे पोहणे यॉटच्या मागे, समुद्रातच होते. त्यासाठी बीच क्लब चांगला असणे महत्त्वाचे.

त्या बीच क्लबला जागा हवी असेल, तर आठ मीटरची टेंडर मागच्या गॅरेजमधून काढून पुढच्या डेकवरच्या खळग्यात, क्रेनजवळ न्यावी. टेंडर पाण्यात असताना तो खळगा बसण्यासाठी वापरता येतो. लाटा असताना पुढच्या उंच डेकवरून टेंडर उतरवणे अवघड असते, ही त्यातील खरी अडचण आहे आणि कप्तान त्याबद्दल तक्रार करतील, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही या लांबीत मी हाच पर्याय निवडला असता. मोनॅको किंवा आंतिबच्या बंदरात यॉट पाठीमागून धक्क्याला लागते आणि धक्क्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाची नजर थेट मागच्या डेकवर पडते. कुटुंबाला निवांत बसण्यासाठी पुढच्या बाजूला दुसरी जागा असणे म्हणूनच आवश्यक आहे.

दर्यावर्दी_रत्नागिरी यांचे उत्तर

ताई, मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. आधी प्रवासी क्रूझ जहाजांवर आणि गेली अकरा वर्षे यॉटवर मुख्य स्टुअर्ड म्हणून काम करतो. वरील उत्तरातील सर्व मुद्दे मला मान्य आहेत, पण आपण स्वतः ज्याबद्दल अस्वस्थ आहात, त्या कर्मचाऱ्यांच्या जागेबद्दल त्यात काहीच आलेले नाही. ती अस्वस्थता अगदी रास्त आहे.

आराखडा कागदावर घ्या आणि लाल पेन्सिलीने एका कॉफीच्या पेल्याचा प्रवास काढा. सकाळी साडेसहाला मालकीणबाई सर्वांत वरच्या डेकवर बसल्या आहेत. पेला कुठून निघतो, किती दारांतून जातो आणि वाटेत कोणत्या पाहुण्याच्या झोपेच्या खोलीसमोरून जातो? मग हिरव्या पेन्सिलीने ओल्या टॉवेलांचा परतीचा प्रवास काढा. माझ्या अनुभवात बारा पाहुणे असताना दिवसाला साठाहून अधिक टॉवेल धुवावे लागतात. बीच क्लब मागे, लॉन्ड्री पुढे कर्मचाऱ्यांच्या भागात आणि मधोमध इंजिनखोली असते, त्यामुळे खालून वाट नाही. सगळी ओली गाठोडी मुख्य डेकवर चढवून, बाजूच्या गल्लीतून पाहुण्यांसमोरून पुढे न्यावी लागतात. मी ज्या यॉटवर सर्वांत जास्त काळ काम केले, तिच्यावर हे दिवसातून आठ-दहा वेळा घडत असे. बीच क्लबच्या एका कपाटात एक धुलाई आणि एक सुकवणी यंत्र बसवले असते, तर हा त्रास उरला नसता. आपण हमामचा आकार थोडा कमी करून ही जागा नक्की काढा.

दुसरे असे की मागचा डेक मोठा करून जेवण बाहेर नेण्याची सूचना उत्तम आहे, पण तिचा भार पॅन्ट्रीवर, म्हणजे जेवण वाढण्याच्या तयारीच्या छोट्या खोलीवर, पडतो. स्वयंपाकघर मुख्य डेकवर, मालकाच्या केबिन आणि दिवाणखान्याच्या मध्ये डाव्या बाजूला ठेवा, आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्याची जागा उजवीकडे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर मालकाच्या केबिनमधील कपडे ठेवण्याची खोली येऊ द्या. पहाटे भांडी वाजली, तरी आवाज कपड्यांत विरतो. वरच्या डेकवर एक पॅन्ट्री हवी आणि तिला स्वयंपाकघरातून येणारी अन्नाची छोटी लिफ्ट हवी. या पॅन्ट्रीला थेट बाजूच्या गल्लीत उघडणारे दार नसेल, तर गरम ताटे घेऊन आम्हाला स्काय लाउंजच्या मधून जावे लागते. मग तिथे चित्रपट पाहणाऱ्या मुलांसमोरून प्रत्येक पदार्थ जातो. हे एक दार आराखड्यात आज फुकट आहे. बांधणीनंतर ते कोणीही करून देत नाही.

कर्मचाऱ्यांच्या जिन्याबाबत तडजोड करू नये. खालच्या डेकवरील आमच्या भोजनखोलीपासून वरच्या पॅन्ट्रीपर्यंत एकच अखंड जिना असावा, आणि तो पाहुण्यांच्या जिन्याला कुठेही छेदू नये. एका व्यक्तीच्या हातात तबक असताना चढता येईल, एवढी त्याची रुंदी असावी.

केबिनबद्दल बोलायचे, तर सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे. त्यात छताची उंची किमान २०३ सेंटीमीटर आणि ३,००० टनांखालील जहाजांवर दोघांच्या केबिनसाठी ७ चौरस मीटर ही मोजमापे दिलेली आहेत. लहान यॉटना ध्वजराष्ट्रे (यॉटची नोंदणी ज्या देशात आहे ते देश) काही सवलती देतात आणि बरेच आराखडे त्या सवलतींच्या काठावरच थांबतात. आपण तसे करू नका. एक चार्टर शनिवारी दुपारी बारा वाजता संपते आणि दुसरी त्याच संध्याकाळी सुरू होते. मधल्या काही तासांत दहा माणसे सहा केबिन, सगळे डेक आणि स्वयंपाकघर नव्यासारखे करतात. ज्या यॉटवर आम्हाला नीट झोप मिळते आणि बसून जेवायला मेज मिळते, त्या यॉटवर माणसे हंगामामागून हंगाम टिकतात. पाहुण्याला दुसऱ्या वर्षी ओळखीचा चेहरा दिसतो. मी ज्यांची सेवा केली त्यांच्यापैकी कितीतरी जण पुन्हा आले, ते या ओळखीमुळे. हमाम मात्र त्यांच्यापैकी कोणालाही आठवत नव्हता.

कचऱ्यासाठी थंड कोठार आणि पावसात उचलाव्या लागणाऱ्या गाद्यांसाठी कपाटे, या दोन गोष्टी माझ्याकडून आठवणीने लिहून घ्या. जहाजांमुळे होणारे सागरी प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार प्लास्टिक समुद्रात टाकण्यास पूर्ण मनाई आहे. बंदरापासून आठवडाभर दूर असताना सगळा कचरा यॉटवरच साठतो, आणि उन्हाळ्यात त्याला वास येऊ लागतो.

रेषाकार_व्हियारेज्जो यांचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. कॉफीच्या पेल्याचा प्रवास मी काल रात्री काढून पाहिला. तो पाच दारांतून आणि दोन पाहुण्यांच्या केबिनसमोरून जात होता. हे माझ्या लक्षात आले नव्हते, याचे मला खरोखर वाईट वाटले.

दोन शंका उरल्या आहेत. लिफ्टचा खड्डा चार डेकमधून जातो आणि माझ्या हिशेबाने सव्वाचार टन खातो. तो काढून टाकावा का? आणि मालकांना पाचही पाहुण्यांच्या न्हाणीघरांत, भिंतींसह, संगमरवर हवा आहे. त्याचे वजन कोणी कसे हाताळते? सागवानाचा प्रश्नही आहेच.

इंजिनखोली यांचे उत्तर

मी निवृत्त मुख्य अभियंता आहे. व्यापारी जहाजांनंतर शेवटची काही वर्षे दोन यॉटवर काढली.

लिफ्ट काढू नका. आजींना समुद्र पाहता यावा यासाठी कुटुंबाने ती मागितली आहे. पाहुण्यांचा जिना तिच्याभोवती वळवून घेतला, की तिची जागा निम्मी तरी जिन्याच्या पोटात जाते. सव्वाचार टन दुसरीकडून काढता येतील. स्काय लाउंज दीड मीटरने आखूड केला, तरी सात टनांहून अधिक वाचतात.

संगमरवर पूर्ण जाडीचा वापरायचा नाही. २० मिलिमीटर जाडीच्या फरशीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५४ किलो होते. ४० चौरस मीटरला ते दोन टनांच्या वर जाते. त्याऐवजी ५ मिलिमीटरचा पातळ पापुद्रा ॲल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या पाटीवर चिकटवून घेतात. त्याच क्षेत्रफळाचे वजन पाऊण टनाच्या आसपास येते आणि हात लावून फरक कळत नाही. फक्त शिरा जुळवण्याचे काम कारखान्यातच करून घ्यावे आणि प्रत्येक झडपेसमोरची पाटी सुटी निघेल अशी ठेवावी. माझ्या एका यॉटवर गळणाऱ्या सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी आम्हाला सुंदर जुळवलेली दगडी भिंत फोडावी लागली होती. तो दगड पुन्हा मिळाला नाही. छतातही तसेच. प्रत्येक पंख्याखाली आणि प्रत्येक केबलजोडणीखाली उघडणारी झाकणे हवीत. ती रेषेत कशी लपवायची, हे कौशल्य आपले.

आवाजाचा विचार मात्र आताच करा. नांगर टाकून उभे असताना जनरेटर रात्रभर चालू असतो. इंजिनखोलीच्या भिंतीला लागून पाहुण्यांच्या पलंगाचे डोके कधीही ठेवू नका. तिथे न्हाणीघर आणि कपाटे येऊ द्या. उभ्या यॉटचा हेलकावा कमी करणारे पंख रात्रीही हलत राहतात आणि त्यांची यंत्रे बहुधा मधल्या केबिनच्या शेजारीच बसतात. त्यांच्याभोवती वेगळी ध्वनिरोधक पेटी लागते. पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीची कोठी असते. पहाटे साखळी ओढली, की तिच्या शेजारी झोपलेला कर्मचारी दचकून उठतो, त्यामुळे तिथे केबिनऐवजी कोठार ठेवा. जनरेटरचा धूर कोणत्या दिशेने बाहेर पडतो, तेही कप्तानाबरोबर बसून ठरवा. मागून मंद वारा असला, की काजळी सर्वांत वरच्या डेकवरच्या पांढऱ्या गाद्यांवर बसते आणि व्यायामशाळा आता उघडी होणार आहे.

सागवानाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. मी ते पाहून आलो आहे. पण म्यानमारमधील लाकडाचा व्यापार तेथील सरकारी महामंडळाच्या हातात आहे आणि युरोपीय संघाने जून २०२१ मध्ये त्या महामंडळावर निर्बंध घातले. ब्रह्मदेशी सागवान आता मालकांना स्पष्टपणे नाकारावे लागेल. प्रमाणित लागवडीचे सागवान पातळ पट्ट्यांत घ्या, किंवा सावलीतल्या डेकवर कृत्रिम पर्याय वापरा. उघड्या डेकवर कृत्रिम पर्याय घालण्यापूर्वी त्याचा एक तुकडा दुपारभर उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहून पाहा, कारण त्यांतले काही सहन न होण्याइतके तापतात.

रेषाकार_व्हियारेज्जो यांचा प्रतिसाद

सर्वांच्या सूचनांप्रमाणे आराखडा नव्याने काढला. वेगळे चित्रपटगृह आणि बंदिस्त भोजनकक्ष गेला, व्यायामशाळा उघडी झाली, स्काय लाउंज दीड मीटरने आखूड केला. सल्लागारांच्या मोजणीत आता ४९६ टन भरतात. लिफ्ट राहिली आहे आणि पाहुण्यांचा जिना तिच्याभोवती वळतो. हमाम बीच क्लबमध्ये लहान रूपात आहे आणि त्याच्या शेजारच्या कपाटात दोन यंत्रे बसली. वरच्या पॅन्ट्रीला बाजूच्या गल्लीत दार मिळाले. टेंडर पुढे गेली. तिच्या उतरवण्याबद्दल कप्तानांशी परवा बैठक आहे.

खालच्या डेकवर व्यायामाच्या साहित्याचे जुने कोठार मोकळे झाले होते. ते मी कर्मचाऱ्यांच्या भोजनखोलीला जोडले आहे. आता तिथे दहाही जणांना एकाच मेजावर बसता येते आणि त्या भिंतीत एक गोल खिडकीही बसते. दर्यावर्दी दादा, आज रात्री तो भाग आपल्याला पाठवते. मेज जिन्याच्या कोणत्या बाजूला असावे, ते आपणच सांगावे.